आमच्या ह्यांचं अनुष्ठान

नंदिनी म्हणाली, काकू, मंडळाच्या दिवाळी अंकात महाराजांबद्दल दोन शब्द लिहा. म्हणून लिहितेय. मी सहावी शिकलेली बाई, मला लिहायचं माहीत नाही, पण ऋचाने, म्हणजे आमच्या मुलीने, फोनमध्ये मराठी टाकून दिलंय. मी बोलते तसं टाइप करते, चुकलं तर समजून घ्या.

तर पहिलं हे सांगते की आमचे हे महाराज नव्हते. फेब्रुवारीत हे गेले तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी टाकलं, ब्रह्मलीन झाले, समाधिस्थ झाले. तसं काही नाही. ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. सव्वातीन वर्षं होता. महाराज त्यांना मी केलं, आणि ते कसं झालं ते सांगायलाच मी बसलेय.

हे म्हणजे चारुदत्त. नाव घ्यायची सवय नाही मला, एकदा घेतलं, बास. भोसरीला टूलरूममध्ये फिटर होते. दोन हजार तीनमध्ये कंपनीने जर्मनीत आखनला पाठवलं, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि आम्ही राहिलो ते राहिलोच. हात सोन्याचा होता. लोखंडाला नुसता अंगठा लावून सांगायचे, इथे केसभर जास्त आहे. आणि गणपतीत आपल्या मंडळाचं ढोलपथक ह्यांचंच. कमरेला ढोल बांधला की पन्नाशीचा माणूस पंचविशीचा व्हायचा. आखनची पोलीस तीनदा येऊन गेली, तिन्ही वेळा जाताना मान हलवत ताल धरून गेली.

साठीच्या आसपास ह्यांचं लघवीचं सुरू झालं. सारखं उठायचं आणि जाऊन नुसतं उभं राहायचं. मी म्हणायचे, अहो डॉक्टरला दाखवा. हे म्हणायचे, दुखत नाही ना. तीन वर्षं दुखत नाही, दुखत नाही. मग एक दिवस कंबर दुखायला लागली, तेव्हा गेले.

ऋचा म्हणाली, बाबा मी येते, भाषांतर करते. लेकीसमोर असलं बोलायचं म्हणजे ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं. एकटे गेले. आता ह्यांचं जर्मन कसं, सगळं वर्कशॉपचं. पाइप, व्हॉल्व, प्रेशर, गळती, वॉशर, हे शब्द पक्के, बाकी राम. डॉक्टरला सांगितलं, पंप ठीक आहे, व्हॉल्व जाम आहे, प्रेशर येत नाही. तो लघवीचा डॉक्टर एवढा खूश झाला, म्हणे वीस वर्षांत इतकं नीट कुणी सांगितलं नाही. पुढे तो पण ह्यांच्याशी तसंच बोलायला लागला. प्रोस्टेट म्हणजे काय तर म्हणे मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी गाठ असते, तिच्या मधून नळी जाते, गाठ फुगली की नळी दाबली जाते. घरी येऊन ह्यांनी मला कागदावर ड्रॉइंग काढून दाखवलं, मापासकट. बत्तीस वर्षं संसार केला, पण बाप्याच्या पोटात असलं काही असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना पण त्याच दिवशी कळलं.

मी विचारलं, तपासलं कसं? ड्रॉइंगची घडी घालत म्हणाले, बोअर, म्हणजे भोक, चेक करायला आत प्लग गेज घालून बघतात ना, तसं. आणि उठून आंघोळीला गेले. सकाळी केलेली होती.

मग रक्त तपासलं. त्यात पीएसए म्हणून एक आकडा असतो, तो चारच्या आत असला म्हणजे साधारण बरा म्हणतात. ह्यांचा दोनशे बारा आला. कागद हातात धरून हे म्हणाले, "असा पार्ट आमच्याकडे भंगारात टाकतात." मला हसू आलं. मग सुया टोचून तुकडा काढला, फोटो काढले, हाडांत गेलेलं होतं. कमरेतच. डॉक्टर म्हणाला, आता कापून उपयोग नाही. पुरुषाच्या अंगात जो पुरुषपणाचा रस असतो त्याच्यावर हा रोग पोसतो, तो रस बंद करायचा. दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन आणि रोज गोळ्या. बरं होणार नाही, पण काही वर्षं मिळतील.

ह्यांनी बाकीचं सगळं ऐकून घेतलं, पण तो रस बंद करायचा हे मनाला लागलं. घरी येऊन मला देवासमोर उभं केलं. म्हणाले, शपथ घे. मंडळात कुणाला कळता कामा नये. ऋचाला सांग, पण तिच्याही तोंडाला कुलूप. मी म्हटलं, आजार आहे, चोरी केलीय का? तर म्हणाले, "पंचवीस पोरं माझ्यामागे ढोल वाजवतात कुंदे. त्यांना कळलं की काकांना बाई करून टाकणारं इंजेक्शन देतात, तर उद्या माझ्या टिपरूवर कोण ताल धरणार?" मी शपथ घेतली. काय करणार.

इंजेक्शनचं एक सांगते. तिसऱ्या आठवड्यात हे बसल्याबसल्या लाल व्हायला लागले. घाम, नुसता घाम. उठून खिडकी उघडायचे. बाहेर बर्फ. मी ओळखलं, मला पंचेचाळिशीत असंच व्हायचं. तेव्हा मी खिडकी उघडली की हे हीटिंगवर हात ठेवून म्हणायचे, बाई, तू काय आख्खं आखन गरम करतेस का? दोन वर्षं मी हे ऐकलेलं. आता मी स्वेटर घालून, वर शाल घेऊन, गुपचूप बसले. आठ दिवसांनी आपणहून म्हणाले, "तुला असंच व्हायचं का गं?" मी म्हटलं, अगदी असंच. म्हणाले, "मग तू मला मारलं का नाहीस?" एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा हे करायला लागले, तो शेवटपर्यंत.

आता अनुष्ठान. बावीस सालच्या गणपतीला डॉक्टरने सांगितलं होतं, कमरेला वजन बांधायचं नाही, हाड मोडेल. मिरवणुकीच्या दिवशी सगळे ढोल बांधतायत आणि हे कडेला खुर्चीवर. नंदिनी सेक्रेटरी, ती माझ्याजवळ आली, म्हणाली, काकू, काका रुसलेत का? सत्यजितला अध्यक्ष केलं म्हणून? हे खुर्चीवरून माझ्याकडे बघतायत, शपथ डोळ्यांत. माझ्या तोंडून निघून गेलं, रुसलेबिसले नाहीत गं, त्यांचं अनुष्ठान चालू आहे. ती म्हणाली, कसलं? मी म्हटलं, सांगायचं नसतं. ती म्हणाली, किती दिवसांचं? मला इंजेक्शनच आठवलं, मी म्हटलं, तीन तीन महिन्यांचं असतं.

झालं. बाई खोटं एकदा बोलते, बाकीचं लोक बोलतात. आरतीतून हे दर वीस मिनिटांनी उठून जायचे, आणि कुठे जायचे ते मला माहीत. सत्यजित हळूच बाकीच्यांना म्हणाला, काकांच्या जपाची वेळ झाली, वाट द्या. लोक बाजूला सरून वाट द्यायला लागले. हे संडासला जातायत आणि दोन्ही बाजूंनी लोक हात जोडून उभे.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर उणे सहा. बायका आल्या तर हे बाल्कनीचं दार सताड उघडून बनियनवर बसलेले, चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, डोळे मिटलेले. गोळ्यांनी दाढी पण विरळ झालेली, गाल तुकतुकीत. बायका दारातच थबकल्या. कुणीतरी म्हणालं, केवढं तेज आहे. एक जण माझं वाण तसंच ठेवून ह्यांच्या पायाशी नारळ ठेवून गेली.

त्या गेल्यावर हे माझ्यावर तडकले. मला बुवा केलंस तू, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला बाई म्हणतील म्हणून घाबरत होता, बुवा म्हणतायत, दोन्ही ब चंच, काना न उकार कशाला मोजता, गप बसा. खरं सांगू का, नंतर नंतर ह्यांना ते थोडं आवडायला पण लागलं. ताठ बसायचे. लोक अडचणी घेऊन यायचे, कुणाचा व्हिसा अडकलेला, कुणाचा घरमालक डिपॉझिट देत नाही, एक जण गाडीच्या लेखी परीक्षेत तीनदा नापास. हे त्याला म्हणाले, पुस्तक वाच. तो वाचून पास झाला आणि पेढे घेऊन आला. म्हणे काकांनी सांगितलं म्हणून झालं.

तेवीसच्या ऑक्टोबरात उत्कर्ष आला. आपला ताशावाला उत्कर्ष, युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो तो. एकोणतीस वर्षांचा, सायकलवर गावभर फिरणारा, ईप्सिताशी साखरपुडा झालेला, डिसेंबरात लग्न. हे सगळं त्याला विचारून लिहितेय, तोच म्हणाला, काकू, नावानिशी लिहा.

हातात नारळ. सोफ्याच्या काठावर बसला. म्हणाला, काका, एक अंगारा पाहिजे होता. हे म्हणाले, कशाला? तो माझ्याकडे बघायला लागला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. पण इथली स्वयंपाकघरं तुम्हाला माहीत आहेत, दारच नसतं. मी पोहे परतत सगळं ऐकलं.

तो म्हणाला, "खाली एका बाजूला गाठ आलीय काका. गोटीलाच. चार महिने झाले. आधी वाटाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी वाटते. दगडासारखी लागते हाताला."

हे म्हणाले, डॉक्टर?

"सायकलच्या सीटमुळे असेल. आणि आमची डॉक्टर बाई आहे, तिच्यासमोर कसं? दुखत पण नाही काका अजिबात. फक्त लग्नाच्या आत जावी म्हणून अंगारा."

माझे पोहे करपायला लागले, मी गॅस बंद केला. ह्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. ह्याला अंगारा दिला असता तर ह्यांची अब्रू राहिली असती. पोरगा नमस्कार करून आनंदाने गेला असता. आणि नुसतं डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर हो म्हणून गेला नसता, हे ह्यांच्याइतकं कुणाला माहीत. मी उलथनं घेऊन भिंतीला टेकून उभी. मनात म्हटलं, अहो, बोला आता.

मी वाकून बघितलं तर ह्यांनी बनियन वर केलेलं. पोटावर इंजेक्शनच्या जागी हिरवटनिळा डाग होता, दोन दिवसांपूर्वीचा.

"हे बघ," म्हणाले, "हे माझं अनुष्ठान. दर तीन महिन्यांनी टोचून घेतो. मी जपाला जात नाही, मुतायला जातो. मला पण दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून मी तीन वर्षं थांबलो, आणि ते हाडात जाऊन बसलं. तुझं माझं वेगळं आहे, पण ते दुखत नाही हे आपलं दोघांचं सारखं आहे."

उत्कर्ष रडायला लागला. ह्यांना कुणी रडलं की काय करावं कळायचं नाही, ते मला ओरडून म्हणाले, पोहे झाले का? मी करपलेले पोहे आणून दिले. दोघांनी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे त्याला बसमधून आपल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, टेरमिन, म्हणजे डॉक्टरची वेळ, मार्चमध्ये मिळेल. ऑक्टोबर चालू होता. ह्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि वर्कशॉपच्या जर्मनमध्ये सांगितलं, लाइन बंद, लाल दिवा, आज. तिने एकदा ह्यांच्याकडे बघितलं आणि आत गेली. तासाभरात नंबर. सोनोग्राफीत गाठ दिसली, रक्त घेतलं, पाचव्या दिवशी ऑपरेशन. ते जांघेतून काढतात, खालून नाही, आणि आख्खी गोटी काढतात, नुसता तुकडा घेऊन बघायचा नसतो. पोटात पसरलंय का ते बघायला फोटो. आणि ऑपरेशनच्या आधी, पुढे मूल हवं असेल तर म्हणून, बियाणं काढून फ्रीजमध्ये ठेवतात. त्यासाठी एका खोलीत एकट्याला बसवतात. हे बाहेर थर्मास घेऊन बसलेले. पोरगं आत गेलं ते येईच ना. हे मला फोन करून विचारतायत, कुंदे, दार वाजवू का? मी म्हटलं, तुम्ही घरी या.

ऑपरेशननंतर उत्कर्षचा चेहरा पडलेला. एकच राहिली म्हणून. हे त्याच्या खाटेवर बसून म्हणाले, डबल सिलिंडरची गाडी एका सिलिंडरवर पण घरी पोचते, आणि तुझं घर तर जवळच आहे. डॉक्टरने पण तेच सांगितलं, एकीने सगळं चालतं, फक्त ह्यांच्याएवढं चांगलं सांगता आलं नाही. पसरलेलं नव्हतं. केमो लागली नाही. तीन तीन महिन्यांनी रक्त आणि मधूनमधून फोटो. ईप्सिताला त्याने सगळं सांगितलं. लग्न डिसेंबरऐवजी एप्रिलमध्ये केलं, एवढाच फरक. ती पुण्याहून ह्यांच्यासाठी सोलापुरी चादर घेऊन आली. घाम येणाऱ्या माणसाला चादर, पण भावना मोठी.

मग हे म्हणाले, आता सांगून टाकायचं. चोवीसच्या गणपतीत आरती झाल्यावर माइक घेतला. तुमच्यातले बरेच जण तिथे होते. ह्यांनी सरळ सांगितलं, मी महाराज नाही, मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, तीन वर्षं होत आली. उत्कर्षला माझ्या अंगाऱ्याने नाही, ऑपरेशनने बरं वाटलं. पंचेचाळीसच्या पुढच्यांनी डॉक्टरला विचारून पीएसए करा, पोरांनी आंघोळीत स्वतःच्या हाताने तपासा, गाठ लागली तर लाजू नका.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सत्यजित उठला. डोळ्यांत पाणी. हात जोडून म्हणाला, "बघा लोकहो. ह्यांनी उत्कर्षचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलं."

आणि रांग लागली ना पायावर डोकं ठेवायला. हे माझ्याकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. तारखा तरी बघायच्या की नाही? ह्यांचं एकवीस सालचं, उत्कर्षचं तेवीसचं. पण भक्तीत कॅलेंडर कोण बघतो.

घरी येऊन हे इतके हसले की कंबर धरून खाली बसले. मग डोळे पुसून म्हणाले, बरं, खरं सांगून ऐकत नाहीत ना, मग व्रत देतो. आणि दिलं. जो कुणी पंचेचाळीसच्या वरचा पाया पडायला येईल त्याला. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं. त्याआधी दोन दिवस सायकलवर बसायचं नाही आणि दोन दिवस ब्रह्मचर्य. आता हे दोन्ही डॉक्टरनेच सांगितलेलं आहे, त्याने आकडा उगाच वाढतो म्हणून. गुरुवारची आणि उपाशीपोटाची गरज नव्हती, ती ह्यांनी वरून घातली, उपवासाशिवाय आपल्या लोकांना व्रत केल्यासारखं वाटत नाही. आकडा आणून दाखवायचा, तो दाखवेपर्यंत नमस्कार नाही.

अकरा जणांनी केलं. एकाचा आकडा जास्त निघाला, आणि तो सत्यजितच. तो म्हणाला, सुया टोचून घेत नाही, तुम्ही हात ठेवा. हे म्हणाले, टोचून आल्यावर ठेवतो. टोचल्यावर कळलं, त्याचं अक्रोडाच्या आतच होतं सगळं, बाहेर गेलेलं नव्हतं. काढून टाकलं. सध्या खोकला आला की त्याची थोडी पंचाईत होते, ते पण सुधारतंय म्हणे. सत्यजित, तुझी परवानगी विचारली नाही, माफ कर, पण अंगावर घेतलं म्हणणारा तू पहिला, तेव्हा तू वाच.

शेवटी ह्यांच्या गोळ्या चालेनात. आकडा चढत गेला. फेब्रुवारीत हॉस्पिटलात एक वेगळा विभाग असतो, जिथे फक्त दुखू देत नाहीत, तिथे नेलं. सिस्टर फार चांगल्या. ह्यांनी त्यांच्या औषधाच्या गाडीचं चाक करकरायचं ते सांगून सांगून तेल घालायला लावलं. ऋचा बर्लिनहून आली. ती लहानपणापासून मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तर देणारी, तिथे बापाजवळ बसून तीन दिवस मराठी बोलली. मोडकंतोडकं. हे डोळे मिटून ऐकायचे आणि चुका काढायचे नाहीत.

तेव्हाच उत्कर्षची तीन महिन्यांची तपासणी होती. मंगळवारी हे सारखं विचारत होते, त्याचा रिपोर्ट आला का? मी म्हटलं, अहो, तुमचं बघा. दुपारी त्याचा फोन आला, मी फोन ह्यांच्या कानाला लावला. रक्तात तीन आकडे बघतात, ह्यांनी तिन्ही एकेक करून वाचायला लावले, वाकडं काही नव्हतं. मग म्हणाले, पुढची कधी? तो म्हणाला, मेमध्ये काका.

हे मला म्हणाले, "लिहून घे गं कुंदे. मे. तो विसरेल."

माझ्याजवळ हॉस्पिटलच्या जेवणाचा कागद होता, त्याच्या मागे लिहिलं. गुरुवारी हे गेले.

मेमध्ये मी उत्कर्षला फोन केला. विसरलाच होता. मी म्हटलं, चप्पल घाल, मी बसस्टॉपवर आहे.